नव्याचे नऊ दिवस आणि नंतरची वर्षं

9 मार्च 2025 या दिवशी जगभरातल्या बऱ्याच घरांत टीव्ही सुरू झाला, पण सिनेमा सुरू झाला नाही. टीव्हीच्या मागे खोचायचं गूगलचं क्रोमकास्ट नावाचं एक छोटं उपकरण असतं. त्याची 2015 मध्ये बाजारात आलेली दुसरी पिढी त्या दिवशी एकाएकी भरवशाची राहिली नाही. या उपकरणाची खात्री पटत नाही, असा संदेश फोनवर यायला लागला. वायर तुटली नव्हती, वीज गेली नव्हती, आतला एकही भाग जळला नव्हता. उपकरण अस्सल आहे हे सिद्ध करणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांची एक साखळी असते. तिच्यातलं मधलं एक प्रमाणपत्र दहा वर्षांच्या मुदतीचं होतं आणि ती मुदत त्या दिवशी संपली, एवढंच झालं होतं. गूगलनं काही दिवसांत दुरुस्ती धाडली. पण मधल्या काळात ज्यांनी घरगुती शहाणपणानं फॅक्टरी रीसेट करून पाहिलं, त्यांची पंचाईत वाढली. त्यांचं उपकरण नव्यानं जोडून घ्यायलाच तयार होईना, आणि त्यांच्यासाठी पुन्हा वेगळी खटपट करावी लागली. दहा वर्षांनंतरची एक तारीख कुणीतरी कधीतरी लिहून ठेवली होती. ती आठवणीत ठेवण्याचं काम मात्र बहुधा कुणाच्याच नावावर नव्हतं.

प्रोग्रामर नावाच्या माणसाचं आयुष्य नेमकं कशाचं बनलेलं असतं, याचं उत्तर या क्षुल्लक घटनेत सापडतं असं मला वाटतं. आपल्या मनातला प्रोग्रामर काहीतरी नवं घडवणारा असतो. रात्री जागून तो जग बदलणारं ॲप लिहितो. प्रत्यक्षात त्याचा दिवस दुसऱ्या कुणी लिहिलेलं, कधीकाळी चालणारं आणि आता कुरकुरणारं काहीतरी चालू ठेवण्यात जातो. संध्याकाळी घरी आल्यावरही त्याच्यासमोर तेच असतं: अपडेट मागणारा टीव्ही, अर्धवट राहिलेला हौसेचा कोड, हळू फिरणारा पंखा, गळणारा नळ. या घरच्या गोष्टींना आपण विरंगुळा किंवा कटकट म्हणून बाजूला सारतो. माझं म्हणणं असं की त्याच्या धंद्याचं खरं रूप तिथेच दिसतं. हा धंदा मुळात देखभालीचा आहे. मान आणि पैसा आपण नव्याला देतो, आणि त्यामुळे जे नुकसान होतं ते शेवटी आपल्या दिवाणखान्यात येऊन बसतं.

नव्याचं हे वेड टीव्हीनंच पोसलं आहे. ‘सिलिकॉन व्हॅली’ ही 2014 ते 2019 या काळात गाजलेली अमेरिकन मालिका एका नव्या कंपनीची गोष्ट सांगते. ‘हॉल्ट अँड कॅच फायर’ 1980 च्या दशकात नवा संगणक बनवणाऱ्यांची गोष्ट सांगते. आपल्याकडे 2015 मध्ये आलेल्या ‘पिचर्स’मध्येही नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढणारे चार मित्र होते. कुणी जुन्या बँकेच्या प्रणालीत वीस वर्षं तग धरून बसला आहे अशी मालिका कोण काढणार? अपवाद एकच आठवतो, तो म्हणजे ब्रिटनची 2006 मध्ये सुरू झालेली ‘द आयटी क्राउड’. तिच्यातली माणसं कंपनीच्या तळघरात बसून इतरांचे संगणक चालू करून देतात, आणि ती मालिका अर्थातच विनोदी आहे.

आता पुरावा. बेनेट लीन्ट्झ आणि बर्टन स्वॉन्सन या दोन अमेरिकी प्राध्यापकांनी 487 संस्थांच्या संगणक विभागांची पाहणी करून 1980 मध्ये एक पुस्तक प्रसिद्ध केलं. प्रोग्रामरांचा जवळजवळ निम्मा वेळ आधीपासून चालू असलेल्या प्रणालींवर जातो, असं त्यांना आढळलं. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा, की या देखभालीतला जेमतेम पाचवा हिस्सा चुका दुरुस्त करण्याचा होता. उरलेलं बहुतेक काम बदललेल्या गरजा, बदललेली यंत्रं आणि बदललेले नियम यांच्याशी जुळवून घेण्याचं होतं. देखभाल म्हणजे मूळ लेखकाच्या चुका निस्तरणं, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता. पाहणी जुनी आहे, मेनफ्रेमच्या काळातली आहे, हे खरं. पण त्यानंतर जगातला चालू कोड वाढतच गेला आहे, आणि जुना कोड जितका जास्त तितका तो सांभाळण्याचा वाटा मोठा. आज हे प्रमाण कमी झालं असेल असं मानायला मला कारण दिसत नाही.

मराठी वाचकाला तर हे सांगायचीही गरज नसावी. इन्फोसिसची स्थापना 1981 मध्ये पुण्यात झाली, आणि त्याच वर्षी त्याच शहरात टाटांचं टीआरडीडीसी हे सॉफ्टवेअर संशोधन केंद्र उभं राहिलं. भारतीय आयटी उद्योगाला मोठी झेप मिळाली ती 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात, वायटूके नावाच्या संकटातून. जुन्या प्रोग्राममध्ये जागा वाचवण्यासाठी वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं होतं. 99 नंतर 00 आलं की संगणक ते 1900 समजणार होता. दुसऱ्याच्या कोबोल कोडच्या लाखो ओळी वाचायच्या, त्यातल्या तारखा शोधायच्या, त्या बदलायच्या आणि बाकी काही बिघडलं नाही ना हे तपासायचं, असं ते काम होतं. आज हिंजवडीत किंवा खराडीत जे मनोरे उभे आहेत, त्यांच्या पायात हे किचकट, बिननावाचं काम आहे. आणि त्याचं फळ काय मिळालं? 1 जानेवारी 2000 ला फारसं काही बिघडलं नाही म्हणून लोकांनी वायटूके हा बागुलबुवा होता असं ठरवून टाकलं. देखभाल नीट झाली की ती झाली होती याचा मागमूस उरत नाही.

यावर जाणकार वाचक लगेच अडवेल. पंखा झिजतो, नळाचा वायसर झिजतो, भिंतीला ओल येते. सॉफ्टवेअर कशानं झिजेल? शून्य आणि एक यांना गंज चढत नाही. हा आक्षेप बिनतोड वाटतो, म्हणून त्याच्याशी थोडं थांबायला हवं. मीर लेहमन या शास्त्रज्ञानं आयबीएमच्या ओएस/360 या प्रचंड प्रणालीच्या वाढीचा अभ्यास करून 1974 पासून काही नियम मांडले. त्याचा पहिला नियम असा की जी प्रणाली खऱ्या जगात वापरली जाते ती सतत बदलत राहावी लागते, नाहीतर ती दिवसेंदिवस निरुपयोगी होत जाते. दुसरा नियम पहिल्याच्या शेपटीला बांधलेला आहे: बदलत राहिलेली प्रणाली गुंतागुंतीची होत जाते, आणि तो गुंता कमी करायला मुद्दाम वेगळी मेहनत घ्यावी लागते. गणितातलं एखादं कोडं सोडवणारा प्रोग्राम शंभर वर्षं तसाच चालेल, हे लेहमनलाही मान्य होतं. पण पगार काढणारा, तिकीट देणारा, सिनेमा दाखवणारा प्रोग्राम जगाचा भाग झालेला असतो. जग हललं की तो जागच्या जागी जुना होतो.

टीव्ही हे याचं सर्वांत सोपं उदाहरण आहे. 1 डिसेंबर 2019 पासून नेटफ्लिक्सनं काही जुन्या उपकरणांना सेवा देणं थांबवलं, त्यात अमेरिकेत विकलेले सॅमसंगचे काही जुने स्मार्ट टीव्हीही होते. त्या टीव्हींचा पडदा उत्तम होता, आवाज खणखणीत होता. 30 सप्टेंबर 2021 ला इंटरनेटवरच्या असंख्य संकेतस्थळांना आधार देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अनेक जुन्या उपकरणांना सुरक्षित संकेतस्थळं ओळखूच येईनात. आपल्याकडच्या जुन्या डब्बा टीव्हीची पिक्चर ट्यूब हळूहळू फिकी पडायची. बिघाड डोळ्यांना दिसायचा आणि मेकॅनिकला कळायचा. नव्या टीव्हीचं आयुष्य त्याच्या काचेवर नाही, दूरवरच्या कुणाच्या तरी वेळापत्रकावर ठरतं. तेव्हा सॉफ्टवेअर झिजत नाही हे अक्षरशः खरं असलं, तरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला त्या खरेपणाचा काही उपयोग नाही.

दुरुस्तीची पद्धतही दोन्हीकडे एकच आहे, आणि माझ्या मते प्रोग्रामर घरदुरुस्तीकडे ओढला जातो त्याचं कारण हेच आहे. छताचा पंखा हळू फिरतो आहे. दोष रेग्युलेटरचा, कंडेन्सरचा की बेअरिंगचा? रेग्युलेटर बाजूला काढून पंखा थेट जोडून पाहिला, तरी वेग येत नाही. वीज बंद करून पातं हातानं फिरवलं, तर ते मोकळं फिरतं. मग उरला कंडेन्सर. बहुतेक घरगुती पंख्यांत तो अडीच मायक्रोफॅरडच्या आसपास असतो आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किरकोळ पैशांत मिळतो. एलईडी टीव्हीचा आवाज येतो पण पडदा काळा राहतो. अंधारात पडद्यावर तिरपी विजेरी मारली की पुसट चित्र हलताना दिसतं. म्हणजे चित्र तयार होतं आहे, मागचा प्रकाश गेला आहे. आतले एलईडी एकापुढे एक, एकाच ओळीत जोडलेले असतात. त्यातला एक उघडा पडला तरी सगळी ओळ विझते. शक्यता एकेक करून वगळत जाणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, आणि लक्षण जिथे दिसतं तिथेच कारण असेल असं गृहीत न धरणं, हे सॉफ्टवेअरमधल्या दोषशोधनाचंही सार आहे. पावसाळ्यात हॉलच्या भिंतीला ओल दिसते आणि गळती दोन मजले वर गच्चीच्या कोपऱ्यात असते. प्रोग्राम जिथे कोसळतो आणि जिथे खरी चूक असते त्यांचं नातं बरंचसं असंच असतं. एक इशारा मात्र द्यायला हवा. टीव्हीच्या पॉवर सप्लायमधला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ तीनशे व्होल्टच्या वरचा भार धरून ठेवतो. कोड चुकला तर पुन्हा चालवता येतो, इथे तशी सोय नाही. ज्याला तो भार सुरक्षितपणे उतरवता येत नाही त्यानं टीव्हीचं मागचं झाकण उघडू नये.

हौसेच्या प्रकल्पांकडे वळलं की माझ्या युक्तिवादावर सगळ्यात मोठं संकट येतं. घरी, पगाराशिवाय, निव्वळ मजेखातर लिहिलेला कोड म्हणजे तर शुद्ध निर्मिती. तिथे देखभाल कुठून आली? आणि अशा मजेतून निघालेल्या गोष्टींची यादी खरोखर दिपवणारी आहे. गीडो व्हॅन रॉसम या डच प्रोग्रामरनं 1989 च्या नाताळच्या सुट्टीत, ॲमस्टरडॅममधलं कार्यालय बंद असताना, वेळ घालवायला एक भाषा लिहायला घेतली. तिला नावही बीबीसीवरच्या ‘माँटी पायथन’ या विनोदी टीव्ही कार्यक्रमावरून दिलं. घरोघरच्या संगणकांवर ट्रॅफिकच्या नारिंगी शंकूचं चिन्ह मिरवणारा व्हीएलसी प्लेयर पॅरिसच्या एकोल सेंत्राल या अभियांत्रिकी संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून आला. 1996 मध्ये त्यांना वसतिगृहात वेगवान नेटवर्क हवं होतं, आणि ते मिळवायला उपग्रहावरून येणारा टीव्ही नेटवर्कवरून दाखवण्याची कल्पना त्यांनी पुढे केली. डॅनिएल स्टेनबर्ग या स्वीडिश प्रोग्रामरनं त्याच वर्षी गप्पांच्या एका चॅनलवर चलनांचे दर दाखवण्यासाठी एक छोटं साधन हाती घेतलं. त्यातून कर्ल झालं, आणि आज ते फोनपासून टीव्हीपर्यंत अब्जावधी उपकरणांत बसलेलं आहे.

पण या गोष्टी नाताळच्या सुट्टीपाशी थांबवणं म्हणजे लग्नाच्या अल्बमवरून संसार जोखणं. पायथनची तिसरी आवृत्ती 2008 मध्ये आली आणि तिचं दुसऱ्या आवृत्तीशी जमेना. सगळ्या जगाला जुन्यावरून नव्यावर आणायला किती वेळ लागावा? जुन्या आवृत्तीची देखभाल 2015 मध्ये थांबवायचं ठरलं होतं. ती मुदत वाढवावी लागली आणि शेवटी 1 जानेवारी 2020 उजाडावा लागला. एका सुट्टीतल्या हौसेची ही नंतरची किंमत. गिटचं उदाहरण त्याहून बोलकं आहे. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 च्या एप्रिलमध्ये काही दिवसांत गिट उभं केलं, ही गोष्ट प्रत्येक प्रोग्रामरला पाठ असते. त्याच वर्षीच्या जुलैत त्यानं ते जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रामरच्या हवाली केलं, आणि हमानो पुढे वीस वर्षं ते सांभाळत राहिला. आज जगातला बहुतेक कोड ज्याच्या आधारानं साठवला जातो ते साधन टोरवाल्ड्सच्या नावावर जमा आहे. हमानोचं नाव ते रोज वापरणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल?

याचा अर्थ घरचे अर्धवट प्रकल्प निरर्थक असतात असा मुळीच नाही. रविवारी सुरू केलेला आणि मंगळवारी सोडून दिलेला प्रोग्राम ही निर्दोष गंमत आहे, चित्रं काढण्यासारखी. घरातल्या दिव्यांना आपोआप चालू-बंद करणारी यंत्रणा, पाण्याच्या टाकीची पातळी फोनवर दाखवणारं सर्किट, हे सगळं ज्यानं केलं त्याच्यापुरतं असेतो त्याला कुणी जाब विचारू नये. प्रश्न उभा राहतो तो दुसरं कुणीतरी त्यावर विसंबू लागतं तेव्हा. घरातल्या ज्येष्ठांना पाण्याची टाकी बघायला गच्चीत जायची सवय राहिली नाही आणि सर्किट बंद पडलं, की हौस हे कर्तव्य होतं. हे वळण कधी आलं ते करणाऱ्याला बहुधा कळतही नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच झालं की काय होतं याचे दोन दाखले पुरेत. ओपनएसएसएल हे इंटरनेटवरचा संवाद गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात 31 डिसेंबर 2011 च्या रात्री दाखल झालेली एक चूक दोन वर्षांहून अधिक काळ कुणाच्या लक्षात आली नाही. 2014 च्या एप्रिलमध्ये ती ‘हार्टब्लीड’ या नावानं जगापुढे आली, तेव्हा कळलं की बँका आणि सरकारं ज्याच्यावर टेकलेली आहेत त्या प्रकल्पाला वर्षाला सुमारे 2,000 डॉलर देणगी मिळत होती आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता. दुसरा दाखला एक्सझेडचा. फाइली आवळून लहान करणारं हे साधन फिनलंडमधला एक प्रोग्रामर जवळजवळ एकट्यानं सांभाळत होता. 2022 मध्ये काम संथ चालतं म्हणून त्याच्यावर जाहीर दबाव आला, तेव्हा हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे याची त्याला लोकांना आठवण करून द्यावी लागली. मदतीला धावून आलेल्या एका टोपणनावाच्या व्यक्तीनं विश्वास संपादन केला आणि 2024 च्या फेब्रुवारीत त्यात चोरदरवाजा बसवला. तो पकडला गेला तो अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे. दूरच्या संगणकात प्रवेश करायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकलं आणि तो कारणाच्या मागे लागला. ही नजर घरातल्या पंख्याचा आवाज बदलल्याचं ऐकणाऱ्याची आहे, आणि तिला पगारपत्रकात रकाना नाही.

देखभालीचं एवढं गुणगान गाणाऱ्याला घरातून एक प्रश्न विचारला जाईल आणि तो टाळता येणार नाही. घर चालू ठेवण्याचं काम म्हणजे पंखा आणि टीव्हीच का? भारत सरकारच्या 2019 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याची घरकामं करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्यात घालवतात असं आढळलं, तर ही कामं करणारे पुरुष 97 मिनिटं. मुळात ती करणाऱ्यांचं प्रमाणच स्त्रियांमध्ये 81 टक्क्यांच्या वर आणि पुरुषांमध्ये सुमारे 26 टक्के होतं. 2024 च्या सर्वेक्षणात मिनिटांचे आकडे 289 आणि 88 असे आले. म्हणजे पाच वर्षांत दोघांचीही मिनिटं थोडी घटली आणि अंतर होतं तिथेच राहिलं. घरदुरुस्ती हे पुरुषाचं आवडतं घरकाम आहे, कारण ते अधूनमधून येतं, त्याला शेवट असतो आणि ते झालं की घरचे कौतुक करतात. भांडी आणि स्वयंपाक यांना शेवट नसतो. या आक्षेपानं माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याची धार वाढते. कचेरीत जो प्रोग्रामर आपल्या अदृश्य कामाची कदर होत नाही म्हणून कुढतो, त्यानं घरी अगदी त्याच जातीचं काम कोण करतं आणि त्याची कदर कोण करतं हे पाहावं. नवं ॲप आणि पंखादुरुस्ती एका बाजूला, रोजची देखरेख आणि रोजची पोळीभाजी दुसऱ्या बाजूला, ही वाटणी दोन्ही ठिकाणी सारखीच अन्याय्य आहे.

आता व्यवहारी माणसाचा आक्षेप. दुरुस्त कशाला करायचं, नवं घ्या. टीव्ही स्वस्त झाले आहेत. ते स्वस्त का झाले हे विचारलं पाहिजे. 2017 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं आणि न्यू जर्सी राज्यानं व्हिझिओ या टीव्ही कंपनीकडून 22 लाख डॉलर वसूल केले, कारण 1 कोटी 10 लाख टीव्हींवर लोक काय पाहतात याची नोंद ती त्यांना स्पष्ट न सांगता गोळा करून विकत होती. म्हणजे विक्रीनंतरही टीव्ही कंपनीला कमाई करून देत असतो. जो धंदा विकल्यानंतर कमाई चालू ठेवतो, त्याला विकल्यानंतरची जबाबदारी संपली असं म्हणता येणार नाही. सुरक्षेच्या कारणानं उपकरण बंदिस्त ठेवावं लागतं, हा कंपन्यांचा युक्तिवाद पूर्ण खोटा नाही. क्रोमकास्टमधलं ते प्रमाणपत्र बनावट उपकरणं ओळखायलाच होतं. पण मग त्या कुलपाची किल्ली सांभाळण्याचं कामही त्यांच्याकडेच आलं, आणि किती वर्षं सांभाळणार हे खोक्यावर छापायला हरकत नसावी. केंद्र सरकारनं 24 डिसेंबर 2022 ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. पाऊल योग्य आहे, पण सुटे भाग आणि दुरुस्तीच्या पुस्तिका यांच्या जोडीला सॉफ्टवेअरची मुदत आली नाही तर टीव्हीपुरता तो हक्क अर्धाच राहील. ही मुदत आधी जाहीर करणं अशक्य आहे असंही नाही. फोनपासून विमानापर्यंत सगळीकडे वापरला जाणारा एसक्यूलाइट हा डेटाबेस एक छोटा गट सांभाळतो, आणि 2050 पर्यंत तो सांभाळत राहण्याचा आपला इरादा त्यानं जाहीर केलेला आहे. मोठ्या कंपन्यांना एवढं तरी जमायला हवं.

शेवटचा आक्षेप आजचा आहे. आता कोड यंत्रच लिहील, मग सांभाळणाराही यंत्रच असेल. 2025 मध्ये एमईटीआर या अमेरिकी संशोधन संस्थेनं 16 अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या, जुन्या प्रकल्पांतली 246 कामं दिली. काही एआयच्या मदतीनं, काही तिच्याशिवाय. मदत घेतलेल्या कामांना 19 टक्के जास्त वेळ लागला, आणि करणाऱ्यांना मात्र आपण 20 टक्के अधिक वेगानं काम केलं असं वाटत होतं. सोळा माणसांवरून जगाचा निवाडा होत नाही, आणि ही साधनं महिन्यामहिन्यानं बदलत आहेत. तरी एक गोष्ट दिसते: कोरी पाटी असेल तिथे यंत्र झपाट्यानं लिहितं, आणि वर्षानुवर्षं राबलेल्या कोडमध्ये, कुठली ओळ का आहे हे माहीत असलेला माणूस अजून पुढे असतो. कर्ल सांभाळणारा स्टेनबर्ग एआयनं लिहिलेल्या, वरवर पटणाऱ्या पण खोट्या दोष-अहवालांच्या पुराबद्दल गेली काही वर्षं उघडपणे तक्रार करतो आहे. प्रत्येक अहवाल वाचून तो खोटा आहे हे ठरवायला माणसाचाच वेळ जातो. लिहिणं स्वस्त झालं की लिहिलेलं वाढतं, आणि लिहिलेलं वाढलं की सांभाळायचं वाढतं. लेहमनचा दुसरा नियम रद्द झाल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही.

या सगळ्याची परीक्षा घेणारी तारीख ठरलेली आहे. युनिक्सच्या वंशातल्या प्रणाली 1 जानेवारी 1970 पासूनचे सेकंद मोजतात. ती मोजणी जुन्या यंत्रांत 32 बिटांच्या खणात ठेवलेली आहे. तो खण 19 जानेवारी 2038 ला, भारतीय वेळेनुसार मंगळवारी सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदांनी भरेल, आणि पुढच्या सेकंदाला ती यंत्रं आपण 1901 मध्ये आहोत असं समजतील. मोठ्या संगणकांचं काम बरंचसं उरकलं आहे. लिनक्सनं 2020 मध्ये 32 बिटांच्या यंत्रांसाठीही मोठ्या खणाची सोय केली. उरली आहेत ती भिंतीवरची, माळ्यावरची, टीव्हीखालची छोटी खोकी, ज्यांना अपडेट धाडणारं कुणी उरलेलं नाही. प्रोग्रामर वाचकांनी या दिवाळीच्या सुट्टीत नवं ॲप जरूर सुरू करावं. पण त्याआधी घरातल्या अशा खोक्यांची एक यादी करावी, कुणाची देखभाल अजून चालू आहे आणि कुणाची थांबली हे तिच्यात लिहावं, आणि तीच यादी कचेरीतल्या प्रणालींचीही करायला घ्यावी.